तांब्याचा उतार

वागळे इस्टेट, रस्ता क्रमांक बावीस.
आमच्या शेडमध्ये तळोज्याहून नळ्या येतात,
तांब्याच्या, चौकोनी, आठशे मिलिमीटर लांब,
आतला क्रोमचा मुलामा उडालेल्या,
खालच्या तोंडाशी झिजून गुळगुळीत.
चलनावर एकच शब्द: दुरुस्ती.

या वेळी सोबत बिलेटचा तुकडा आला,
वीतभर, गॅसने कापलेला.
चौकोन असायला हवा होता,
होता शंकरपाळा.
दोन कर्णांत अकरा मिलिमीटरचा फरक,
आणि एका कोपऱ्यात चीर,
तिच्यात माझं नख अडकलं.

भोईर रात्रपाळी करून थेट आलेले.
म्हणाले, भंगार वाईट येतंय.
मग म्हणाले, पाण्याला दाब नाही.
मग, चहा अर्धा झाल्यावर,
मंगळवारी फुटलं, म्हणाले.
साच्यातून उतरता उतरता लाल कातडं फाटलं
आणि आतलं सगळं भळाभळा खाली.
कुणाला लागलं नाही.
उरलेला चहा त्यांनी तसाच ठेवला.

मी गेज आत सोडला.
शंभरावर वाचलं, दोनशेवर, तीनशेवर.
माझं काम एवढंच,
नळी आत किती अरुंद होत जाते ते लिहायचं.
उतार सरळ होता, ड्रॉइंगबरहुकूम,
कुठेही चूक नव्हती.
चूक तीच होती,
हे कळायला मला नऊ दिवस लागले.

पोलाद थिजताना आकसतं,
पण कोऱ्या सुती कापडासारखं:
पहिल्या धुण्यात बरंचसं,
नंतर थोडं थोडं.
तांबं मात्र त्याच्यामागे एकाच चालीने चाललेलं.
मग दोघांत फट पडते,
कागदही सरकणार नाही एवढी,
आणि तेवढ्यावर उष्णता अडते.
भिंतीपलीकडे पाणी धावत असतं,
बारा मिलिमीटरवर,
त्याला अलीकडचं काही कळत नाही.
एक कोपरा घट्ट होतो, शेजारचा कच्चा राहतो,
चौकोन कलतो.

तांडेल मास्तरांपुढे मी वक्र रेषा ठेवली.
त्यांनी कागद पाहिलाच नाही.
चेंदणीचे ते, तीस वर्षं मँड्रेल घासतायत,
त्याआधी बापाच्या होडीवर.
डोलीचं जाळं पाहिलंयस? विचारलं.
तोंड केवढं, खोला केवढा?
मधली घरं कुणी एकाच हिशोबाने घटवतं का?
आणि हात पुसून
घासायला बसले.

सतरा दिवस.
ऑफिसने दोनदा विचारलं, ही रेषा मंजूर कुणी केली.
भोईर फोनवर म्हणाले,
नळी तुमची, पाळी माझी, पाठवा.

मीही गेले त्या रात्री तळोज्याला.
हेल्मेट सारखं डोळ्यांवर यायचं.
साचा वरखाली हलत होता
बारीक, घाईघाईने, पीठ चाळावं तसा,
कडेने झिरपणारं मोहरीचं तेल जळत होतं
आणि एवढ्या आगीत
वास लोणच्याच्या फोडणीचा.
खालून लाल दांडा निघाला.
सगळे त्याच्या कोपऱ्यांकडे बघत होते,
मी भोईरांच्या बुटांकडे:
ते एक पाऊल मागेच टेकलेले,
पहाटे चारनंतर पुढे आले.

थंड झाल्यावर कर्ण मोजले.
फरक दोन.
भोईरांनी पुन्हा मोजले. दोनच.
कुणीतरी पेढ्यांचं नाव काढलं.

मास्तरांना सकाळी कळवलं.
पलीकडे बराच वेळ लेथचा आवाज,
मग म्हणाले, दोन का?

मार्चमध्ये ते निवृत्त होतायत.
उतारवय म्हटलं की चिडतात,
टेपर म्हण, म्हणतात.

नळी परत आली आहे, शंभर हीटनंतर.
मी गेज आत सोडते.
शंभर ठीक. दोनशे ठीक.
साडेतीनशेच्या आसपास
काटा किंचित थरथरतोय,
मास्तर, इकडे या जरा.